नाकतोड्यांची साक्ष

यापुढे जगात खोट्याला कुठेही थारा मिळणार नाही, असं स्पर्शवाचक यंत्राच्या लोकार्पणात एका थोर शास्त्रज्ञाने भरल्या गळ्याने जाहीर केलं होतं. ते यंत्र निगडवाडीत शिर्क्यांच्या अंगणात आलं, तेव्हा त्याला ठेवायला टेबल मिळेना. टेबल होतं, पण दोन चुलतभावांत सामाईक. एकाने हलवलं की दुसरा पोलिसात जाई. शेवटी खोट्याच्या कर्दनकाळाला रंगाच्या दोन डब्यांवर कॅरमबोर्ड टाकून बसवलं.

गावाच्या नव्या कमानीवर एकच नाव कोरायचं होतं: ब्रह्मदेशच्या लढाईत जपानी अधिकाऱ्याला लोळवून त्याची तलवार आणणाऱ्या वीराचं. वीर मात्र दोन सांगितले जात, सख्खे भाऊ; त्यांतला खरा कोण ते यंत्र ठरवणार होतं. धोंडीराम हे धैर्यशीलचे आजोबा, सखाराम संग्रामचे. धैर्यशील स्वतः सैन्यभरतीत छातीच्या मापात बसला नव्हता. साठीपर्यंत तो आजोबांच्या छातीवर जगत आला होता. आता कमानीवर सखाराम आला, तर रोज त्याच्याखालून दूध आणायला जावं लागणार होतं.

यंत्राबरोबर आलेल्या डॉक्टर शलाका ओगले यांनी तलवार म्यानातून काढली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे पातं कुणी घासलं?"

"दर खंडेनवमीला घासतो," धैर्यशील अभिमानाने म्हणाला. "चिंच, राख, वरून लिंबू."

संग्राम अंगणाच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून बसला होता. दोघांत पंधरा वर्षं बोलणं नव्हतं. जे काही बोलायचं ते तिऱ्हाइतामार्फत. तलवारही पाळीने एकेक वर्ष एकेकाच्या घरी राही. "बाई, त्यांना सांगा, त्यांच्या पाळीला नुसतीच राख असते. चिंच आमच्याकडे."

"चारशे वर्षांचं पातं आहे," शलाका म्हणाल्या. "आणि मुठीपुढची ही लोखंडी चकती. जपानी तिला त्सुबा म्हणतात. तिच्यावर नक्षी होती."

"आता कशी तांब्यासारखी लखलखते," धैर्यशीलने समजूत काढली.

शलाकांनी मुठीवरचा रेशमी गोफ सोडवायला घेतला. त्याखाली पाकट माशाचं खरबरीत कातडं होतं आणि दोन्ही बाजूंना करंगळीएवढा एकेक धातूचा नाकतोडा, मळाने काळा पडलेला. धैर्यशील शरमला. हे घासायचे राहून गेले होते. त्याने बोट पुढे केलं. शलाकांनी ते बाजूला सारलं.

"हेच तर वाचले. घाम गोफातून झिरपतो आणि यांच्या पाठीशी थरावर थर साचतो. भीतीचा घाम वेगळा, रागाचा वेगळा. कुणाचा हात, कुठल्या अवस्थेत, हे यंत्र थर बघून सांगतं."

नाकतोड्यांवर तार चिकटवली. पडद्यावर रंगीत पट्टे चढत गेले. संग्रामची पाठ हळूहळू वळू लागली.

"हा शेवटचा जपानी हात. बोटं काटकुळी. अंगातलं मांस जळायला लागल्यावर येतो तसा घाम. बरेच दिवस उपाशी होता."

"घाबरलेला असेल," धैर्यशील म्हणाला.

"नाही. भीती वरच्या थरात आहे. दोन हात, एकाच वेळी, एकाच रक्ताचे. दोघंही थरथरत होते."

"बाई, त्यांना सांगा," संग्राम म्हणाला, "थरथरणारे त्यांचे आजोबा."

"दोघंही," शलाका म्हणाल्या. "आणि झटापट कुठेच नाही. एकाने दिली, दोघांनी घेतली. त्या काटकुळ्या बोटांच्या थरात गूळ आहे, भाजलेल्या चण्याची सालं आहेत. म्हणजे आधी त्याने खाल्लं, मग तलवार दिली."

धैर्यशीलच्या डोळ्यांसमोर कमान आली. तिच्यावर आजोबा नव्हते. एक फडकं होतं, त्यात मूठभर चणे.

"दोघांची नावं घाला की," शलाका म्हणाल्या. "भर लढाईत भुकेल्या शत्रूला जेवू घातलं. मला तर हे जास्त मोठं वाटतं."

"मंत्री येणार आहेत," संग्राम म्हणाला. "त्यांच्यासमोर काय वाचायचं? चणे वाटले?"

"यंत्र चुकतंय. आमच्या पाळीच्या वर्षी आणलं असतं तर नीट बोललं असतं," धैर्यशील म्हणाला आणि त्याने तलवार उचलली.

"ठेव ती खाली." पंधरा वर्षांत संग्राम प्रथमच थेट बोलला. बोलला आणि मूठ धरली.

"सोड दादा."

"तू सोड."

दोघांचे पंजे नाकतोड्यांवर आवळले. तार तशीच होती. पडदा तळापासून लालभडक झाला आणि यंत्र बारीक कुरकुरू लागलं. शलाका पडद्याकडे बघत राहिल्या.

"हा आत्ताचा थर," त्या म्हणाल्या. "निव्वळ राग. युद्धाच्या थरात मी राग शोधला, सापडला नाही. चारशे वर्षांत या मुठीवर इतका दाट थर दुसरा नाही. आणि हा आता जाणार नाही. शंभर वर्षांनी कुणी ही तलवार वाचली, तर त्याला यात शत्रू कोण दिसेल?"

दोघांनी एकदम हात सोडला. तलवार कॅरमबोर्डवर पडली. धैर्यशीलने तळवा धोतराला पुसला, उलटसुलट करून पाहिला. काहीच दिसत नव्हतं.

शलाकांनी यंत्र आवरलं, हातातले पातळ रबरी मोजे काढले आणि पिशवीत टाकायला घेतले.

"बाई," धैर्यशील खाकरला, "ते हातमोजे एक जोडी ठेवून जाल का?"

"दोन," संग्राम म्हणाला.