हिंगाची पुडी

अकोल्यात तेव्हा अफूचं परवान्याचं दुकान होतं. पण मोरोपंत वकिलांनी तिथं रांगेत उभं राहायचं म्हणजे मागे-पुढे आपलेच पक्षकार! अब्रू गेली की वकिलीही गेली. म्हणून त्यांनी घरपोच आणून देणारा नत्थुजी धरला होता. दर सोमवारी भर दुपारी तो हिंग विकत मागच्या दारी यायचा. हिंगापुढे दुसरा कसला वास टिकत नाही. पुडीत आठवड्याच्या सात गोळ्या असत.

एकदा नऊ निघाल्या. चुकला असेल बेटा, म्हणून पंतांनी दोन बाजूला ठेवल्या. बुधवारी दाढ अशी ठणकली, की नऊच्या नऊ लागल्या. पुढे एकदा पाचच निघाल्या, आणि त्याच आठवड्यात पंत दोन दिवस तापात बेशुद्ध पडले. उलटतपासणीत भल्याभल्यांना घाम फोडणारा माणूस, पण तेव्हापासून नत्थुजी आला की ते नकळत उठून उभे राहत.

मार्गशीर्षातल्या एका सोमवारी पुडीत तीनच गोळ्या होत्या.

"एवढ्याच?"

"तुमाले लागतीन तेवढ्याच आनल्या, वकीलसायेब."

म्हणजे गुरुवार काही आपण ओलांडत नाही! मग पंतांमधला वकील जागा झाला. एकही गोळी घ्यायची नाही. तिन्ही उरल्या, की नत्थुजी खोटा ठरला. गोळ्या डबीत घालून त्यांनी ती बायकोच्या, शैलाबाईंच्या, हवाली केली आणि पाया पडलो तरी देऊ नकोस म्हणून बजावलं.

संध्याकाळपर्यंत हातपाय वळले, घामानं अंथरूण भिजलं. रात्री मात्र उतार पडला. मंगळवार निभला. बुधवारी तर छान झोप लागली. देवच पावला म्हणायचा!

गुरुवारी पंतांनी आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलं आणि हसत हसत डबी मागितली.

डबी रिकामी होती.

"तुमचे हाल बघवेनात हो," शैलाबाई म्हणाल्या. "रोज एक दुधात विरघळवून दिली. आता संपल्या."

तेवढ्यात गल्लीत हिंगाची हाळी आली. गुरुवारी!

पंत दाराशी धावले. नत्थुजी त्यांच्या दारासमोर आला. त्यानं डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली, आणि न थांबता पुढे गेला.