पाचशे बारावं पान

शहाणे हे काही त्याचं आडनाव नव्हतं. ऑफिसातल्या लोकांनी ते त्याला पाठीमागे बहाल केलं होतं आणि त्यालाही ते ठाऊक होतं. त्याची हरकत नव्हती. गाढवांनी ठेवलं असलं तरी नाव बरोबर ठेवलंय, असं त्याचं मत होतं.

त्या सोमवारी सकाळी तो तळघरातल्या यंत्रखोलीत उतरला. शहरातल्या रुग्णवाहिका कुठून कुठे धाडायच्या हे ठरवणारा सर्व्हर तिथे होता. फोन वाढले की तो अडखळायचा. तीन-तीन सेकंद. वरच्या मजल्यावरच्या मंडळींनी यावर दोन महिने मीटिंगा झोडल्या होत्या. शहाणेने चहा निवायच्या आत निदान केलं. मेमरी छोट्या छोट्या पानांत कापलेली असते, आणि कुठलं पान कुठे आहे हे शोधण्यात कर्नेलचा, म्हणजे यंत्राच्या मूळ कारभाऱ्याचा, जीव मेटाकुटीला येतो. पाचशे बारा छोटी पानं सलग जोडून एकेक मोठं पान करायचं. शोधाशोध संपली.

"इतकं साधं आहे," तो मोठ्या साहेबांना म्हणाला होता. "पण सुचायला आधी डोकं लागतं."

मोठे साहेब कसनुसं हसले होते.

यंत्रखोली सांभाळायला एक बाई होत्या. पन्नाशीच्या, अंगात कायम स्वेटर, कोपऱ्यातल्या खुर्चीवर मुकाट बसलेल्या. चौदा वर्षं त्या तिथे होत्या. चौदा वर्षं पंखे पुसून माणूस जेवढा शहाणा होतो तेवढ्याच त्या असणार, हे शहाणेने गृहीत धरलं आणि त्यांच्याकडे पाठ करून बसला.

दुपारपर्यंत मोठी पानं धडाधड बनत गेली. एका जागी मात्र गाडी अडली. पाचशे अकरा पानं रिकामी, आणि मधोमध एक छोटं पान हलायलाच तयार नाही. शहाणेने त्याची कुंडली काढली. मालक कोणीच नाही. आत नुसती शून्यं. पण पान किती जणांनी धरून ठेवलंय त्याचा आकडा शेजारी होता. तीन.

"आत काही नाही, कुणाचं नाही, आणि तिघांनी धरलंय!" तो करवादला. "कुठल्या अडाण्याने लिहिलंय हे?"

त्याने मेमरीच्या पट्ट्या बदलल्या, सर्व्हर पुन्हा चालू केला. पान त्याच जागी. आकडा तीन.

"आधीच्या सर्व्हरवरही होतं ते," बाई मागून म्हणाल्या. "एका पानाने काय बिघडतं, साहेब? राहू द्या."

"मी काहीच राहू देत नसतो, बाई."

बाई पाणी आणायला गेल्या. आकडा दोन झाला. त्या परतल्या, तीन झाला. शहाणेने भुवया चढवल्या, सर्व्हर बनवणाऱ्यांचा उद्धार केला आणि पडद्याकडे बघत राहिला. थोड्या वेळाने एसीवाला मिस्त्री शिडी घेऊन आत आला. चार. त्याने फिल्टर काढून झटकला, बसवला, शिडी उचलून निघून गेला. तीन.

पंखे एका सुरात घोंघावत होते.

"तो आकडा माणसांचा आहे," बाई हळूच म्हणाल्या.

"आपण इथे दोघं आहोत, बाई. मोजता येतं ना?"

"येतं," बाई म्हणाल्या.

शहाणे मोठ्याने हसला. खोली लहान होती, हसू लगेच परत आलं. मग त्याने लॅपटॉप उचलला, बाईंना बाहेर काढलं, काचेचं दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या टेबलावरून पुन्हा पाहिलं.

एक.

काचेपलीकडे पांढरा लख्ख उजेड होता. रिकामी खुर्ची होती. कपाटांवरचे हिरवे दिवे लुकलुकत होते. शहाणेच्या मानेवर काटा आला, आणि आपल्यालाही असा काटा येऊ शकतो याचाच त्याला संताप आला. घाबरायची पाळी एसीवाल्यांची आणि पंखे पुसणाऱ्यांची. त्याची नव्हे.

त्याने आकडा हाताने बदलायची आज्ञा लिहिली.

"साहेब, नका."

त्याने बटण दाबलं.

शून्य.

पान हललं. मोठं पान जुळून आलं. तपासणीसाठी सोडलेले हजार फोन सर्व्हरने एका दमात निकालात काढले. तीन सेकंद कुठल्या कुठे गेले. वरून टाळ्यांचा आवाज आला.

बाई दार उघडून आत गेल्या. कपाटांच्या रांगांमधून एक चक्कर मारली, खुर्चीमागे वाकून पाहिलं आणि बाहेर आल्या.

"आत नाहीये आता," त्या म्हणाल्या. "त्याला धरायला तेवढंच होतं."

"चार दिवस रजा घ्या, बाई," शहाणे म्हणाला. "डोक्याला हवा लागू द्या."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या खांद्याच्या मागे पाहिलं. आणि चटकन दोन पावलं मागे सरल्या.

उन्हं अजून होती तोवर तो घरी पोचला. घरी त्याची थोरली ताई. तिने त्याला लहानाचा मोठा केला होता, आणि त्याबद्दल त्याने तिला कधी पुरतं माफ केलं नव्हतं. तिने दार उघडलं. तो तिच्याकडे न बघता आत शिरला, पिशवी टाकली आणि आरामखुर्चीत बसून मोबाईल काढला. मोठ्या साहेबांचा मेसेज होता. अभिनंदन. त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या.

दार लागल्याचा आवाज आला नाही.

त्याने मान वर केली. ताई दारातून बाजूला झाली होती. अरुंद जागेतून कुणाला वाट द्यावी तशी, पाठ भिंतीला टेकवून.

"या ना," ती म्हणाली. "बसा. त्याचं मनावर घेऊ नका. तो असाच आहे, कुणाकडे बघतच नाही."

"ताई, कोण आहे?"

तिने दार लावलं. त्याच्या समोरच्या खुर्चीकडे वळून ती गप्प उभी राहिली. समोरचा बोलत असताना माणूस गप्प राहतो तशी. मधेच तिने मान डोलावली. एकदा, मग पुन्हा एकदा.

मग तिने शहाणेकडे पाहिलं. तिच्या तोंडावरचा रंग उतरला होता.

"हो," ती खुर्चीला म्हणाली. "इथे आम्ही दोघंच असतो."