हाक मारायची नाही

शिशुवर्गाच्या दारातून कुणीतरी मोठ्याने "अरे वा, शाब्बास!" म्हणालं आणि घात झाला. तीन वर्षांची चिमणी एका मगातलं पाणी दुसऱ्या मगात ओतत होती, जीभ बाहेर काढून, अगदी रंगून. तिने दचकून वर पाहिलं, हातातला मग कलंडला, आणि बाईसाहेब खेळ टाकून चालत्या झाल्या.

"तुम्ही कोण?" वर्गाच्या ताईने विचारलं. ती रागावली तरी कुजबुजतच रागवायची.

"मी... हिचा मामा. लिफ्ट दुरुस्त करतो. म्हणजे — ते तुम्ही विचारलं नाहीत."

"एवढ्याशा मुलांचं मन एका गोष्टीवर जेमतेम चार-पाच मिनिटं टिकतं. मध्येच मोडलं नाही, तर हळूहळू वाढतं. म्हणून लक्ष लागलेलं असताना हाक मारायची नाही. कौतुकसुद्धा करायचं नाही."

मामा कानापर्यंत लाल झाला. एवढा उंचापुरा माणूस, आणि ओरडा खाल्लेल्या पोरासारखा उभा. ताईला हसू आलं, ते तिने गिळलं, आणि तिथूनच सगळा गोंधळ सुरू झाला.

चिमणीची आई बाळंतीण होती, त्यामुळे न्यायला रोज मामाच. सुटायच्या बऱ्याच आधी तो दाराशी येऊन उभा राहायचा. तो आला की आपले हात कुठे ठेवावेत हेच ताईला कळेना. मग ती सरळ एखाद्या मुलाकडे टक लावून बसायची. ते पोर ठोकळे रचतंय की चघळतंय, देव जाणे.

आणि तो? एक शब्द नाही. शाळा सुटली की चिमणीचं बोट धरून निघून जायचा. मग इतक्या लवकर येतो कशाला? बोलायचं नाही, तर बघतो कशाला? की बघतच नाही, आपल्यालाच भास होतात? ताईचं डोकं पार चक्रावून गेलं. घरी तिने चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि तो पिऊनही टाकला.

आज सकाळी चिमणीने जाहीर केलं, "उद्यापासून आई येणार मला न्यायला."

म्हणजे मामाचा आज शेवटचा दिवस.

शाळा सुटली, मुलं गेली. राहिली एकटी चिमणी, मान खाली घालून मणी ओवत. तिला उठवायची सोय नव्हती. ताई आणि मामा भिंतीशी, बुटक्या खुर्च्यांवर, गुडघे पोटाशी घेऊन बसले.

"माझा राग आलाय का तुम्हाला?" ताईने हळूच विचारलं. "पहिल्या दिवशी मी..."

"छे, राग कसला?"

"मग इतक्या दिवसांत बोलला नाहीत ते?"

"कसं बोलणार? येऊन बघतो तर तुमचं रोज कुणातरी मुलाकडे लक्ष लागलेलं. तुम्हीच सांगितलं होतंत ना..." तो घुटमळला. "रोज ठरवून यायचो, आज बोलायचंच. पण तुम्ही तेव्हा इतक्या छान दिसायचात — ते लक्ष मला मोडवतच नसे."

अगं बाई. आता हसावं की रडावं? लक्ष कसलं, सोंग होतं ते, तेही तुमच्यापायी... एवढंच सांगायला ताईने तोंड उघडलं, आणि शब्दच फुटेना. आयांना तासभर समजावणारी ती, नुसती त्याच्या शर्टाच्या बटणाकडे बघत राहिली. त्याने त्या गप्प बसण्याचा भलताच अर्थ घेतला: हिला आपलं बोलणं आवडलेलं नाही.

चिमणीने माळ गळ्यात घातली. "मामा, चल."

"येतो," म्हणत तो उठला. चपला घातल्या, अंगण ओलांडलं, फाटकाची कडी काढली. आता गेला की गेला.

"अहो!"

कधी आवाज न चढवणारी ताई अशी ओरडली की शेजारच्या घराची खिडकी उघडली. तो वळला.

"माझं लक्ष कुठ्ठेही नसायचं," अनवाणीच पायऱ्या उतरत ती म्हणाली. "तुम्ही दारात आलात की मला दुसरं काही दिसायचंच नाही. मला तुम्ही आवडता. का, ते विचारू नका — माझंच मला कळत नाहीये. पण उद्या या."

तो कडी हातात धरून उभा. "उद्या... चिमणीला न्यायला तर तिची आई येणार ना?"

"चिमणीला तिची आई नेईलच. तुम्ही मला न्यायला या."