तीन माणसांचे एकच पाऊल

चौकशी समितीच्या पत्रात म्हटले होते : "बी.एस्सी. मानवशास्त्र, तृतीय वर्षाची विद्यार्थिनी कु. दिशा हिने आपल्या प्रकल्पातील तीन व्यक्ती कल्पनेने निर्माण केल्या आहेत. तिघांच्या पावलांची मापे मिलिमीटरपर्यंत जुळतात. निसर्गात असे घडत नाही."

विधान भारदस्त आहे, आणि त्याचे शेवटचे चार शब्द खरेही आहेत. उरलेल्यांचे काय? ज्याला खोटी मापे लिहायची असतात, तो ती थोडी वेगवेगळी लिहितो. लबाडीचा हा पहिला धडा समितीतल्या विद्वानांना ठाऊक नसेल, असे मानण्याइतका त्यांच्याविषयी आदर बाळगणे अवघड आहे. शिवाय दिशाच्या गजराआत्याचे मत असे, की या पोरीला कल्पनाशक्ती असती तर तिने नोकरी लागेल असे काहीतरी शिकायला घेतले असते.

आणि मुख्य म्हणजे ते पाऊल खरे होते. दिशाने ते प्रथम पाहिले डिंगोरे गावात, नुकतेच पाणी भरलेल्या कांद्याच्या वाफ्यात. थंडीची सकाळ, ओल्या मातीला येणारा कोवळा वास, आणि काळ्या चिखलात उमटलेला स्वच्छ अनवाणी ठसा. करंगळी किंचित आत वळलेली. दिशा गुडघे टेकून पाहत राहिली.

"मॅडम, बिबट्या पलीकडल्या उसात गेला." मागून आवाज आला. "ह्यो पाय माझा हाय."

तिने वळून पाहिले. खांद्यावर फावडे, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि डोळ्यांत असे हसू, की जणू पाय असणे ही त्याची खास कामगिरी.

"बिबट्याला करंगळी नसते," ती म्हणाली. "मी माणसांचेच पाय मोजते."

"वनखात्यात नवीन हाय का?"

"कॉलेजात आहे. मानवशास्त्र शिकते."

"म्हंजी आर्टस."

"सायन्स!"

हा शब्द तिने अशा थंडपणे उच्चारला, की वाफ्यातले पाणी गोठावे. एसटीच्या कंडक्टरपासून सख्ख्या मामापर्यंत सर्वांनी तिला हेच ऐकवले होते.

त्या थंडपणामागे एक जुना राग होता. शंभर वर्षांपूर्वी याच शास्त्राने माणसांची नाके मोजली आणि त्यावरून जातींची उतरंड लावली. मेंढपाळ धनगरांच्या घरातल्या दिशाने ती पाने वाचली, तेव्हा तिचे दात आवळले गेले होते. म्हणून तिने पाय निवडले. माणूस कुठे जन्मला हे सांगण्याची हौस नाकाला असेल. पाऊल फक्त तो किती चालला ते सांगते. तिच्या तक्त्यात दोन रकाने होते : रानोमाळ हिंडणारे मेंढपाळ आणि वावरात राबणारे शेतकरी. चालण्याने पाऊल रुंदावते का, एवढाच प्रश्न. पदवी या प्रकल्पावर अडली होती.

त्याचे नाव सुदर्शन. वडिलांची शेती, स्वतःचे आळेफाट्याला ट्रॅक्टर दुरुस्तीचे गॅरेज. तो पाय धुऊन तिच्या मापाच्या लाकडी पाटीवर उभा राहिला. ती कॅलिपर, म्हणजे मापाचा चिमटा, घेऊन खाली वाकली, तसा तो दचकला.

"नगा राव, पायाला हात नगा लावू!"

"मोजायला हात लावणं निराळं, पाया पडणं निराळं."

"ह्यातलं कुठलं, ते आजच ठरवू नगा म्हंजी झालं..."

दिशाचे कान तापले. तिने डाव्या पावलाचे माप घेतले, लिहिले, पाटी उचलली.

"येकच पाय?"

"जगभर डावाच मोजतात. नियम आहे."

"अन् उजव्यानं काय पाप केलंय?"

दिशाने कॅलिपर पिशवीत टाकला. ती चालू लागली. मात्र बांधावर एकदा अडखळली, आणि बांध तर सपाट होता.

पुढच्या आठवड्यात आळेफाट्याच्या एका हॉटेलापुढे तिने पाटी मांडली. कांदा घेऊन आलेले शेतकरी थट्टा करीत पाय देत होते. एकाने धुळीसाठी तोंडाला रुमाल गुंडाळला होता. "मोहित," त्याने घोगऱ्या आवाजात नाव सांगितले. दिशाने पावलाकडे पाहिले. क्षणभर कॅलिपर हवेतच राहिला... मग तिने माप घेतले आणि लिहिले, "मोहित."

तिसऱ्यांदा तो निरगुडसरला अवतरला. थेट तिच्या घरच्या मेंढरांच्या जाळीपाशी, डोक्यावरून घोंगडी ओढून.

"कुठलं पावणं?" गजराआत्याने विचारले.

"पारनेराकडलं. गोरक्ष."

"मेंढरं किती?"

"हायेत की... लई."

"लई!" आत्याने कमरेवर हात ठेवले. "दिशे, ह्यो कसला मेंढपाळ गं? कोकरू जवळ आलं तर मागं सरतुय!"

"आत्या, पाय द्यायला आलेत. जाब द्यायला नाही."

दिशाने मान वर केली नाही. डाव्या पावलाचे माप झाले. तिने पाटीवर बोट टेकवले. "आता उजवा."

"मागल्या येळंला तर डावाच..." तो बोलला, आणि त्याने जीभ चावली.

कोकरू त्याची घोंगडी चघळू लागले. दिशाची बोटे उजव्या पावलावर स्थिर होती, पण तिचे खांदे हसण्याने हलत होते.

"मागल्या वेळेला कुठं?"

"...सपनात."

"मग स्वप्नातला नियम वेगळा असेल." तिने मेंढपाळांच्या रकान्यात लिहिले, "गोरक्ष."

असे हे पाऊल दोन्ही रकान्यांत जाऊन बसले. ज्या शास्त्राने मापांवरून माणसांच्या जाती ओळखण्याची शतकभर शेखी मिरवली, त्याच्या वारसांना शेतकऱ्याचे पाऊल मेंढपाळांत शोभून दिसले. त्यांना खटकले ते फक्त साम्य.

चौकशीच्या दिवशी दिशाने फोन करण्याआधीच सुदर्शन पुण्यात हजर होता. बातमी गजराआत्याने पोचवली होती. "लई मेंढरंवाल्याचा" नंबर तिने केव्हाच मिळवला होता. समितीपुढे त्याने बूट काढला.

"तिन्ही पाय माझंच. नावं खोटी सांगितली, दोष माझा. मॅडमला कायबी ठावं नव्हतं."

अध्यक्षांनी स्वतः कॅलिपर घेतला, तीनदा मापले, आणि तीनदा निराळे उत्तर काढले. दिशाच्या तिन्ही नोंदी मात्र तंतोतंत. अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि स्वर मऊ केला : "तुमची फसवणूक झाली, एवढंच लिहून द्या. प्रकल्प मंजूर, विषय संपला."

एका सहीवर पदवी होती. सुदर्शन डोळ्यांनी विनवत होता... लिही, लिहून टाक. दिशाने त्याच्या अनवाणी पायाकडे पाहिले, कागद ओढला आणि लिहिले.

परिणाम व्हायचा तो झाला : प्रकल्प रद्द, सहा महिने उशीर, सगळी मापे नव्याने. या खेपेला पाटी वाहायला एक माणूस सोबत होता. तो कोकरांना भ्यायचा, पण गावोगाव हिंडताना हळूहळू सुधारला. त्या हिवाळ्यात दिशाच्या आजोबांची, जानकूंची मेंढरे खतासाठी डिंगोऱ्याच्या कांद्याच्या वावरात बसली, आणि पाठोपाठ गजराआत्या सोयरिकीचे बोलायला सुदर्शनच्या ओट्यावर बसली. पदवी आणि साखरपुडा एकाच महिन्यात झाले.

आरोपीचा कबुलीजबाब दप्तरी आहे. तो शब्दशः असा :

"माझी फसवणूक झालेली नाही. आळेफाट्याला करंगळी पाहताच मी त्यांना ओळखले होते. तरीही मोहित लिहिले, गोरक्ष लिहिले, कारण खरे नाव लिहिले असते तर ते पुन्हा मोजून घ्यायला आले नसते. ही चूक माझी. निरगुडसरला मी दोन्ही पाय मोजले, पण तक्त्यात एकच आहे, याचाही खुलासा करते. डावा पाय प्रकल्पासाठी होता. उजवा मी माझ्यासाठी मोजला."