त्या वळणावर कच टिकत नाही

ही घटना खरी आहे. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी वाद घालणार नाही. यात माझे सख्खे मामा आहेत, माझी मामेबहीण आहे, आणि त्या दोघांनाही भुताखेताच्या गप्पांची काडीइतकी हौस नाही.

वळणाचं नाव मुद्दाम देत नाही. कोल्हापुरातली कितीतरी माणसं रोज तिथून जातात.

महिना सांगतो. डिसेंबर २०२४. कडाक्याची थंडी, आणि आभाळात ढगाचा पत्ता नाही.

एवढं लक्षात ठेवा... पाऊस नव्हता.

माझी मामेबहीण संयोगिता रस्त्याच्या कामावर इंजिनिअर आहे. ज्या वळणांवर गाड्या फार धडकतात, ती सुरक्षित करायचं काम तिच्याकडं होतं. अशा ठिकाणी डांबरावर चिकट राळ पसरतात आणि तिच्यावर कच, म्हणजे दगडाची बारीक, धारदार खडी टाकतात. राळ वाळली की कच घट्ट बसतो, रस्ता खरखरीत होतो आणि टायर घसरत नाही. तिनं पाच वळणांवर हे काम केलं. चार वळणं एकदम शहाणी झाली.

पाचवं मात्र नाही.

आणि नेमकं त्याच पाचव्या वळणावरून गणपतमामा रोज पहाटे दूध घेऊन शहरात जायचे. मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना किटल्या, डोक्याला मफलर. सहा महिन्यांत तिथं अकरा गाड्या घसरल्या होत्या. दोन माणसं जागच्या जागी गेली. अकरातली एक गाडी मामांचीच. कोपराला चौदा टाके पडले.

"आबा, हात जोडते. दुसऱ्या रस्त्यानं जावा," संयोगिता म्हणाली.

आमचे मामा म्हणजे हट्टीपणात एक नंबर. "आठ किलोमीटर वाढत्यात. गिऱ्हाइकं काय दुपारपतूर वाट बघत बसत्यात व्हय? तू इंजिनेर हाईस न्हवं? मग रस्ता नीट कर की!"

झालं. बाप बदलेना, म्हणून पोरीनं रस्ता बदलायला घेतला.

काम झालं आणि चौथ्याच दिवशी पहाटे एक पेपरवाला घसरून पडला. थोडक्यात वाचला.

संयोगिता सकाळी सातला तिथं पोचली आणि बघतच राहिली.

आख्ख्या वळणावर कच जागच्या जागी होता. फक्त आतल्या बाजूला, दोन खाटा मावतील एवढ्या तुकड्यात...

कचाचा एक दाणा नव्हता.

खालचं डांबर गुळगुळीत, हात फिरवल्यासारखं. तुकड्याच्या कडा सरळ. आणि रस्त्याच्या कडेला, निघालेल्या कचाची एक नीट ढिगुली. राळेत बसलेला कच छिन्नी मारली तरी सहज निघत नाही. इथं तो कुणीतरी गोळा करून बाजूला ठेवला होता.

साहजिकच तिचा पहिला संशय ठेकेदारावर गेला. अमरसिंह त्याचं नाव. बोलायला मोठ्या आवाजाचा, पण कामाला वाईट नाही असा त्याचा लौकिक. तिनं त्याला फोनवरच फैलावर घेतलं.

"मॅडम, जोतिबाची शपथ घेऊन सांगतो, राळ कमी घातली न्हाई," तो ओरडला. "एकाच डब्यातला माल सगळीकडं हाय. तेवढाच तुकडा कसा उखडंल?"

"तेच मी तुम्हाला विचारतेय."

"मग तुमच्या डोळ्यांदेखत परत करतो. मग तर झालं?"

तिनं उभं राहून करून घेतलं. वाळल्यावर मोजणी केली. त्यासाठी एक लंबकाचं यंत्र असतं. खाली रबर लावलेला लंबक रस्त्याला घासत जातो आणि पकड किती, तो आकडा दाखवतो. आकडा उत्तम आला. ती घरी निर्धास्त झोपली.

तिसऱ्या दिवशी तुकडा पुन्हा मोकळा.

या वेळी ती पहाटेच गेली होती. तुकडा ओला होता. बाकी रस्ता ठणठणीत कोरडा. आणि वास येत होता...

शेणाचा. ताज्या शेणाचा.

मग संशय म्हशीवाल्यांवर. आपल्याकडं पहाटे म्हशी रस्त्यानं निघतात, हे काही नवीन नाही. पण म्हशीचं शेण रस्त्यावर एका जागी, पो होऊन पडतं. ते पाण्यात कालवून, सारखं, काठोकाठ कोण शिंपडेल? कुणीतरी मुद्दाम करतंय, हे तिच्या मनानं पक्कं घेतलं. आणि कुणी का असेना, तिचा बाप रोज त्याच ओल्यावरून जाणार होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला ती वळणावर गाडी लावून बसली. अमरसिंहही आला. खरं सांगायचं तर दोघं एकमेकांवरच पाळत ठेवून होते. तिला वाटत होतं, हाच माणसं पाठवतो. त्याला वाटत होतं, मॅडमना आपलं काम काढून दुसऱ्याला द्यायचंय.

वळणावर दिव्याचा खांब होता. उजेड नेमका त्या तुकड्यावर पडत होता. अमरसिंह फुटाणे खात बडबडत होता.

एक कुत्रं रस्त्यानं आलं. तुकड्यापाशी थांबलं. शेपूट पायांत घातली आणि लांबून वळसा घालून गेलं.

मग आवाज आला.

खर्र... खर्र... खर्र...

खराट्याचा आवाज. लहानपणापासून ऐकलेला. चुकायचा प्रश्नच नाही.

रस्त्यावर कुणी नव्हतं.

खर्र... खर्र...

 अमरसिंहच्या मुठीतले फुटाणे मुठीतच राहिले.

मग बांगड्या वाजल्या. काचेच्या, थोड्याच. आणि...

सपक्.

तुकड्याच्या एका टोकाला डांबर काळं पडलं. ओलं.

सपक्... सपक्...

ओल पुढं सरकत होती. हातानं सडा मारत कुणी मागं मागं यावं, तशी. वरून थेंब पडताना दिसत नव्हता. फक्त खाली रस्ता भिजत होता.

"मॅडम," अमरसिंह हळू आवाजात म्हणाला. तो हळू बोलू शकतो, हे तिला त्या दिवशी कळलं. "हितं घर हुतं."

"कुणाचं?"

"बायडाबाईचं. वळण रुंद करताना गेलं. माझ्याच जेसीबीनं पाडलं. मशीन दारात उभं, आन् म्हातारी अंगण झाडत हुती. झाडून, सडा घालून मग बाजूला झाली. म्हणाली, आता काय करायचं ते कर."

 संयोगितानं काही विचारण्याआधीच वळणापलीकडून मोटारसायकलचा आवाज आला. तिच्या ओळखीचा. किटल्या वाजत होत्या.

आबा!

दार उघडून ती पळाली. बॅटरी हलवत, ओरडत. "आबा, थांबा! बाहेरनं घ्या, बाहेरनं!"

मामांनी करकचून ब्रेक दाबला. गाडी तुकड्याच्या अलीकडं आडवी झाली. मामा बाजूला पडले. गुडघा फुटला, बाकी काही नाही. पण एका किटलीचं झाकण उडालं आणि दूध उताराला लागलं.

"खुळी झालीस काय गं? माणूस मारतीस काय?" मामा बसल्या जागेवरून ओरडत होते.

तिचं लक्ष दुधाकडं होतं.

दूध वाहत तुकड्यापर्यंत आलं... आणि थांबलं. मग कडेकडेनं वळलं. सरळ रेषेत, कोपऱ्यावर काटकोनात, आणि पुढं गेलं. तिथं उंचवटा नव्हता. तिनं स्वतः पातळी तपासली होती. तरी दुधाचा एक थेंब आत गेला नाही.

अमरसिंह गाडीतून उतरलाच नाही.

त्याच दुपारी संयोगितानं बायडाबाईचा पत्ता काढला. तिची समजूत अशी, की म्हातारी मेली असणार. पण म्हातारी जिवंत होती! सुनेबरोबर एका अपार्टमेंटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर राहत होती.

सून शालूबाईनं दार उघडलं. "आत्याबाई? त्या कुठं जात्यात, ताई. दोन वर्सं झाली, अंथरुणाला खिळून हाईत. कूस मीच बदलते."

आत खाटेवर म्हातारी पडली होती. एवढीशी, काटकुळी. संयोगिता जवळ बसली. म्हातारीचा एक हात गोधडीबाहेर होता. नखांत हिरवट काहीतरी...

शालूबाईनं पटकन पुढं होऊन हात गोधडीत सारला. "हळद हाय ती. लावलेली," ती म्हणाली.

हळद हिरवी असते का? 

म्हातारीनं डोळे उघडले. "माझ्या अंगणात कोण तरी खडं टाकतंय बघ, बाई," ती म्हणाली. आवाज खणखणीत होता. "झाडावं, तर परत टाकतंय. दोनदा सगळं काढलं. झाडून झाडून कंबरडं मोडलं माझं."

शालूबाई खिडकीकडं बघत उभी होती.

"आजी, आता कुणी टाकणार न्हाई," संयोगिता म्हणाली. 

"आन् त्या गाड्या? वल्या अंगणातनं गाड्या घालत्यात."

"गाड्या पण येणार न्हाईत."

म्हातारीनं मान तिच्याकडं वळवली. मग आपल्याकडच्या कुठल्याही म्हातारीनं विचारावं तसं विचारलं, "कुणाची गं तू?"

आणि संयोगिता सवयीनं बोलून गेली. "गणपतरावांची. दूध घालत्यात ते."

"व्हय, व्हय. वळखते की. रोज दारावरनं जातोय. कधी आत येत न्हाई."

 आपण बापाचं नाव का सांगितलं, हे ती आजही स्वतःला विचारते.

तिनं शब्द मात्र पाळला. रस्ता तिथं भरपूर रुंद होता. तिनं तो तुकडा वाहतुकीतून बाहेर काढला. भोवती पांढरे तिरपे पट्टे मारले, कडेनं लवचिक खांब लावले. फायलीत कारण लिहिलं, निचरा नीट नाही. वरिष्ठांनी सही केली. अमरसिंहनं एक शब्दही न विचारता काम करून दिलं आणि पुन्हा त्या भागातलं काम घेतलं नाही.

त्यानंतर तिथं एकही गाडी घसरली नाही. आजतागायत नाही. मामाही बिनघोर जाऊ लागले. संयोगिता जेवायला लागली, हसायला लागली. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

फेब्रुवारीत बायडाबाई वारली.

संयोगिता भेटायला गेली. शालूबाई रडत नव्हती. "आदल्या दिवशी लई खुशीत हुत्या," ती म्हणाली. "म्हणाल्या, रोज जा-ये करून दमले बाई. आता तिकडंच ऱ्हायचं."

"तिकडं म्हणजे?"

शालूबाई खाटेवरच्या गोधडीची घडी घालू लागली.

बारावं-तेरावं झालं. पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी मामा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "त्या वळणावर कुणाचं घर हाय गं?"

संयोगिताचा हात ताटातच थांबला. "तिथं घर न्हाई, आबा."

"न्हाई कसं? म्हातारी दारात उभी हुती की. लई मायाळू. मला म्हणाली, पावणं, रोज जातासा, एक दिवस च्या घिऊन जावा."

"मग... तुम्ही काय म्हणालासा?"

कोल्हापुरात चहाला सरळ नाही म्हणायची पद्धत नाही. कुणीच म्हणत नाही. मामांनीही म्हटलं नाही.

"म्हटलं, आज घाई हाय, दूध नासंल. उद्या येतो."

संयोगितानं त्याच रात्री मामांच्या मोटारसायकलची किल्ली लपवली. चार दिवसांत गाडी विकली. दूध आता गल्लीतल्या डेअरीला जातं. ती मला फोनवर हे सांगत होती, तेव्हा मी म्हटलं, मामांनी घर डोक्यावर घेतलं असेल.

"न्हाई रे," ती म्हणाली. "एक शब्द बोलले न्हाईत. त्याचंच भ्या वाटतंय."

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडं मुक्कामाला होतो. पहाटे जाग आली, तर मामा पुढच्या सोप्यात, दाराजवळ बसलेले. अंघोळ झालेली, इस्त्रीचा सदरा, डोक्याला नवी टोपी. पाहुण्याकडं निघावं तसे.

"कुठं निघालासा, मामा?"

"एकांना शबुद दिलाय. लई दिस झालं, बरं दिसत न्हाई."

"पण गाडी तर विकली..."

मामा माझ्याकडं बघून हसले. हसू त्यांचंच होतं. "चालत बी जाता येतंय की," ते म्हणाले.

दाराला आतून कुलूप होतं. त्याची किल्ली संयोगिताच्या गळ्यात असते. ती आता दारातच अंथरूण टाकते, आणि साडेचार ते सहा जागी असते.