भुजंगचा ठोका

पोखर्णीच्या नरसिंहाची आण, यातला शब्दन् शब्द खरा. मी स्वतः तिथं हजर होतो. बरं, हजर नव्हतो. पण होतो असंच धरा.

गंगाखेडच्या खालच्या अंगाला गोदावरीच्या डोहात, काठाला लागूनच, बायनाबाई थर्माकोलच्या तराफ्यावर बसली होती. पोकळ बांबूचं एक टोक पाण्यात, दुसरं कानाला. शिंगटा मासा काटा घासून कुरकुरतो, कुणी पोटातल्या फुग्यानं गुरगुरतो. ते बोलणं ऐकूनच ती जाळं टाकायची जागा सांगायची. जाळं अडकलं की नवरा, भुजंग, कमरेला दोरी बांधून बुडी मारायचा. काम झालं की खालून बांबूवर टकटक. म्हणजे, वर ओढ.

डोहातल्या मासेमारीचा ठेकेदार दत्तराव. मागं एकदा भुजंग खाली असतानाच त्यानं मासे मारायला जिलेटिनची, सुरुंगाची, कांडी फेकली. मासे पांढरी पोटं घेऊन वर आले. दोरी तुटून आली. भुजंग आला नाही. "पुण्याला पळाला त्यो," असं दत्तराव गावभर सांगत सुटला, अन् गावानंही माना हलवल्या!

तेव्हापासून डोह मुका होता. त्या दिवशी बांबूत कुरकुर आली... थांबली. मग टकटक. डावीकडून. उजवीकडून. मग सगळ्या डोहातून, एका ठोक्यात. पाण्याला सुरुंगाच्या जळक्या दारूचा वास सुटला. बायनाबाई भ्याली नाही. तिचं टाळकं सटकलं.

"ए बाई! माझ्या पाण्यात काय करायलीस?" काठावरून दत्तराव ओरडला.

"मासे बोलायलेत, मालक. या, ऐका."

"येडी झालीस का?"

"भ्यालास व्हय रं?"

धुणं धुणाऱ्या बाया फिदीफिदी हसल्या. मग काय, गुडघाभर पाण्यात उतरून त्यानं बांबूला कान लावला.

टक... टक.

"खाली... कोन हाय?"

"वर ओढ म्हनायलाय. ओढ की!"

दत्तराव रडायलाच लागला. "दोरी हलायलती, बाई... मला दिसली होती... तरी कांडी फेकली..."

आता खरं सांगतो. दत्तरावनं कबूल केलं, हे मी रचलं. त्या मेल्याला एकदा तरी रडवायचं होतं मला. त्यानं बांबू फेकला, शिवी हासडली, अन् अजून छाती काढून फिरायलाय.

टकटक मात्र मी रचलेली नाही. तो बांबू आता बायनाबाईच्या घरात भिंतीला टेकवलाय, नदीपासून लांब, कोरडा ठणठणीत. तिथंही वाजतो. वाजला की ती खुंटीवरची तुटकी दोरी ओढून घेते.

दोरीचं टोक दर वेळी ओलं निघतं.