सोनुर्डीचा श्वासपट

२०७१ साली कोळसा जाळणं गुन्हा होता. उलट शहरांचा धूरच त्याच्यात परत कोंबला जाई. कुठल्या प्रतीच्या कोळशात किती धूर मावेल, ते मोजायला चंद्रपूरजवळच्या सोनुर्डीच्या बंद खाणीवर तन्वेश ताकसांडे हा तरुण शास्त्रज्ञ आला होता. आणि त्याला वेळेवर जेवू घालणं ही आपलीच जबाबदारी आहे, अशी वस्तीतल्या मयूरीबाई आत्राम यांची ठाम समजूत होती.

“भरीत आणलं. आधी जेव, मंग तुझी भोकं मोज.”

“भोकं नाही मावशी, छिद्रं.”

“बरं बाप्पा, छिद्रं!”

कोळसा दिसतो भरीव, पण असतो पोकळ्यांनी भरलेला. चिमूटभर भुकटीतल्या छिद्रांच्या भिंती उलगडून अंथरल्या, तर कबड्डीचं मैदान झाकलं जाईल. हलक्या प्रतीच्या कोळशातली छिद्रं रुंद. आत शिरलेली हवा आठवड्याभरात निसटते. उत्तम प्रतीतली इतकी अरुंद, की हवा शतकभर अडकून पडते. मोजण्याआधी ती तापवून रिकामी करावी लागतात आणि बाहेर पडणारी हवा यंत्र थराथराने वाचतं. जवळपास कुणी श्वास घेतला असेल तर तोही उमटतो, म्हणून या नोंदीला तन्वेशची मंडळी ‘श्वासपट’ म्हणत.

“म्हणजे हलका कोळसा माह्यावाणी विसरभोळा,” मयूरीबाई म्हणाल्या. पण त्या काहीच विसरल्या नव्हत्या.

सदतीस वर्षांपूर्वी याच खाणीत आग लागली, तेव्हा त्यांचा नवरा दौलत एकटाच आत अडकला होता. चौथ्या दिवशी अधिकारी म्हणाले, आता तो जिवंत असणं शक्य नाही. बोगदा बुजवला नाही तर वस्ती जळेल. मयूरीबाईंनी संमतीची सही केली. तेव्हा तो खरंच गेलेला होता ना, हा एकच प्रश्न तेव्हापासून त्यांना खात होता.

आज त्या बोगद्याच्या भिंतीतला उत्तम प्रतीचा तुकडा यंत्रात होता.

“दौलतच हाय का?”

“श्वासात तंबाखू आणि सुपारीचा अंश आहे. खर्रा असावा.”

मयूरीबाई खुदकन हसल्या. “लबाड! त्याच सकाळी माह्या डोक्यावर हात ठेवून सोडला होता त्यानं.” मग हळूच विचारलं, “किती दिवस होता?”

“दोन,” तन्वेश म्हणाला.

“तुझे कान लाल झाले, पोरा.”

तन्वेशला रडूच आलं. झोपेत माणसाचा श्वास मंद होतो. पटावर तसे मंद पट्टे, दर रात्रीचा एक, ओळीने उमटले होते. त्याने ते त्यांच्यासमोर एकेक करून मोजले. अकरा.

मयूरीबाईंनी ओढणीने आधी त्याचे डोळे पुसले.

“बाकीच्या भिंतीचं काय करणार?”

“उद्या रिकामी होईल. ती हवा झडपेतून वर सोडतात.”

“मले तेथं उभं राहू दे. थोडी छातीत घेतो मी.”

“विषारी असते ती, मावशी. माणूस पाच मिनिटंसुद्धा टिकत नाही.”

“तो अकरा दिवस टिकला,” मयूरीबाई म्हणाल्या.